पीक-नोंदणीची आज्ञावली : पहिल्या स्थिर आवृत्तीची पूर्वतयारी

शेतीच्या कारभारात नोंदीला केवढे महत्त्व आहे हे शेतकऱ्यांस नव्याने सांगावयास नको. गावनमुना सात व गावनमुना बारा यांचा मिळून होणारा सातबाराचा उतारा हा जमिनीवरील हक्काचा आणि त्या जमिनीत उभ्या असलेल्या पिकाचा पुरावा होय. पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टी अगर अवर्षण यांमुळे झालेल्या हानीबद्दलची मदत, किमान आधारभूत किमतीने होणारी खरेदी, या सर्व बाबतींत पिकाची नोंद पाहिली जाते. पूर्वी ही नोंद तलाठी शेतावर जाऊन हाताने लिहीत असत. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणीचा उपक्रम राज्यभर सुरू झाला आणि शेतकऱ्याने आपल्या पिकाची माहिती व उभ्या पिकाचे छायाचित्र स्वतःच मोबाइलवरून पाठवावे अशी व्यवस्था झाली. लेखणीचे काम आता आज्ञावलीकडे, म्हणजे ज्या साधनास सामान्यतः सॉफ्टवेअर अगर ॲप म्हणतात त्याच्याकडे, आले आहे.

लेखणी बिघडली तर एका दप्तरातील एका पानाचे नुकसान होते. आज्ञावलीत दोष राहिला तर तो एकाच वेळी हजारो गावांत राहतो, आणि पुष्कळदा तो कोणाच्या लक्षातही येत नाही. नोंद झाली असे पडद्यावर दिसते, शेतकरी निश्चिंत होतो, आणि मदतीची यादी लागते तेव्हा त्यात त्याचे नाव नसते. यास्तव माहिती भरण्याची कोणतीही आज्ञावली सर्वांच्या हाती देण्यापूर्वी ती कशी सिद्ध केली जाते, कोणत्या कसोट्यांस उतरली म्हणजे तिला ‘स्थिर’ म्हणावे, आणि या कामी गावपातळीवरील कार्यकर्त्यांचा व शेतकऱ्यांचा वाटा कोणता, याची माहिती प्रत्येकास असणे अगत्याचे आहे.

स्थिर आवृत्ती म्हणजे काय

नव्या वाणाची रीत शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. संशोधन केंद्रावर वाण चांगला दिसला म्हणून तो लगेच पेरणीसाठी दिला जात नाही. प्रथम केंद्राच्या प्रक्षेत्रावर, मग निरनिराळ्या जमिनींत व हवामानांत, आणि अखेरीस शेतकऱ्यांच्या शेतांवर त्याची चाचणी होते. या सर्व पायऱ्या पार पडल्यावरच तो वाण प्रसारित होतो व त्याचे प्रमाणित बियाणे बाजारात येते. प्रसारित वाणाच्या पिशवीवरील खुणेचा अर्थ असा की, आत जे आहे त्याची परीक्षा झालेली आहे.

आज्ञावलीची रीतही फार निराळी नाही. तयार करणाऱ्यांनी आपल्याच कार्यालयात तपासावयाची ती प्राथमिक आवृत्ती. निवडक लोकांच्या हाती प्रत्यक्ष कामासाठी द्यावयाची ती चाचणी आवृत्ती. चाचणीत सापडलेले दोष काढून, आणखी मोठा दोष न निघाल्यास हीच पुढे जाहीर होईल, अशा अटीवर ठेवलेली ती उमेदवार आवृत्ती. तीही उतरली म्हणजे पहिली स्थिर आवृत्ती जाहीर होते. रूढ पद्धतीप्रमाणे चाचणीच्या काळातील आवृत्त्यांचे क्रमांक शून्याने सुरू होतात, जसे ०.१, ०.५, ०.९, आणि पहिल्या स्थिर आवृत्तीस १.० हा क्रमांक देतात.

हा क्रमांक म्हणजे एक वचन आहे. त्यात तीन गोष्टी येतात. पहिली, भरलेली नोंद हरवणार नाही. दुसरी, जे भरले तेच साठवले जाईल, त्यात आपोआप फरक पडणार नाही. तिसरी, आज भरलेली नोंद पुढील आवृत्त्यांतही वाचता येईल. आज्ञावलीत सोयी कमी असल्या तरी चालते. पण या तीन वचनांपैकी एकही पाळता येत नसेल तर तिला १.० हा क्रमांक देणे योग्य नव्हे.

मागील अनुभव

माहिती यंत्रात भरण्याचे काम मोबाइलपेक्षा पुष्कळ जुने आहे. अमेरिकेत १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रावर छिद्रे पाडलेल्या पत्रिकांच्या साहाय्याने मोजणी झाली. पुढील काळात छिद्रे पाडताना होणाऱ्या चुका पकडण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीने तीच माहिती पुन्हा भरावयाची व दोन्ही जुळतात किंवा नाही हे यंत्राने पाहावयाचे, अशी पद्धत रूढ झाली. संगणक आल्यावर ही दुबार नोंदणी आज्ञावलीतच घालण्यात आली. अमेरिकेच्या रोग-नियंत्रण केंद्राने १९८५ साली काढलेली एपी-इन्फो ही आज्ञावली आणि त्याच धर्तीवर डेन्मार्कमध्ये तयार झालेली एपीडेटा यांचा आरोग्य-सर्वेक्षणांत पुष्कळ उपयोग झाला. वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ साली सुरू झालेल्या ओपन डेटा किट या उपक्रमाने मोबाइलवर, नेटवर्क नसतानाही, माहिती भरून ठेवण्याची व ती मागाहून पाठविण्याची सोय केली. आज गावोगाव जी नोंदणी चालते तिच्यामागे हा सर्व अनुभव आहे.

आपल्या देशातील अनुभव तर शेतीतीलच आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७ पासून बंगालमध्ये तागाच्या क्षेत्राची नमुना पाहणी हाती घेतली. एकाच भागाची पाहणी दोन स्वतंत्र गटांकडून करवून घ्यावयाची व दोहोंतील फरकावरून चुकीचा अंदाज बांधावयाचा, ही त्यांची पद्धत होती. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीक-कापणी प्रयोगांचे शास्त्र देशात रुजविले. कापणीसाठी घेतलेला तुकडा फार लहान असला तर कडेची झाडे आत धरली जाण्याकडे कल राहतो व उत्पन्न सतत जास्तच दिसते, हे त्यांनी दाखवून दिले.

सुखात्मे यांचा हा निष्कर्ष आज्ञावलीसही लागू पडतो. माणसाच्या हातून होणाऱ्या चुका कधी जास्त बाजूच्या, तर कधी कमी बाजूच्या असतात. मोठ्या संख्येत त्या काही अंशी एकमेकींस छेदतात. साधनातील चूक मात्र प्रत्येक वेळी एकाच बाजूस झुकते. नोंदी हजाराच्या जागी लाख घेतल्या तरी ती कमी होत नाही, उलट लाखभर ठिकाणी पसरते. म्हणून साधनातील चूक ते वापरास देण्यापूर्वीच शोधली पाहिजे.

क्षेत्राचा रकाना

पीक-नोंदणीत सर्वांत साधा दिसणारा व सर्वांत घातक ठरणारा रकाना क्षेत्राचा होय. शेतकरी बोलताना एकर व गुंठे या मापांत बोलतो. सातबारावर हेक्टर, आर व चौरस मीटर लिहिलेले असतात. ४० गुंठ्यांचा एक एकर, तर १०० आरांचा एक हेक्टर. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक आर. गुंठा व आर इतके जवळचे असल्यामुळेच घोटाळा वाढतो.

समजा, एका शेतकऱ्याचे सोयाबीन १ एकर २० गुंठे आहे. सवयीप्रमाणे तो १.२० असे भरतो. आज्ञावली हा आकडा हेक्टर समजते. वस्तुतः १ एकर २० गुंठे म्हणजे ६० गुंठे, अर्थात सुमारे ०.६१ हेक्टर. नोंद मात्र जवळजवळ दुप्पट क्षेत्राची झाली. धारण केलेल्या जमिनीपेक्षा हे क्षेत्र अधिक असेल तर आज्ञावली ते अडवील. पण शेतकऱ्याची जमीन दोन हेक्टर असेल तर कोणत्याही तपासणीत ही चूक सापडणार नाही. याउलट दीड एकर क्षेत्र एकाने १.५ असे लिहिले आणि आज्ञावलीने त्याचा अर्थ १ एकर ५ गुंठे असा लावला, तर १५ गुंठ्यांचे पीक कागदावरून नाहीसे झाले.

यात प्रत्यक्ष पैशाचा प्रश्न आहे. २०२३ च्या खरीप हंगामातील कापूस व सोयाबीन उत्पादकांस राज्य शासनाने जे अर्थसाहाय्य जाहीर केले, त्यात ०.२ हेक्टरपर्यंतच्या क्षेत्रास सरसकट १,००० रुपये व त्याहून अधिक क्षेत्रास दोन हेक्टरच्या मर्यादेत हेक्टरी ५,००० रुपये असा दर होता, आणि प्रथमतः ई-पीक पाहणीतील नोंद हाच त्याचा आधार होता. पुढे ही अट सैल करून सातबारावर नोंद असणाऱ्यांचाही विचार करण्यात आला. ०.८० हेक्टरचे कापूसक्षेत्र चुकून ०.०८ असे नोंदले गेले, तर या दराने ४,००० रुपयांच्या ठिकाणी १,००० रुपयेच मिळतात. एका शून्याची जागा बदलली आणि ३,००० रुपये गेले.

यास्तव क्षेत्राचा रकाना एकच न ठेवता हेक्टर व आर यांचे दोन स्वतंत्र रकाने असावेत. आर ९९ पेक्षा जास्त स्वीकारले जाऊ नयेत. आणि नोंद पक्की करण्यापूर्वी तेच क्षेत्र एकर-गुंठ्यांत रूपांतरित करून शेतकऱ्यास दाखविले जावे. ‘आपले सोयाबीन २ एकर ३९ गुंठे आहे काय?’ असा प्रश्न पडद्यावर आला, म्हणजे दीड एकरवाला शेतकरी तत्काळ थांबतो. त्याच्या मनातील मापात विचारलेला एक प्रश्न मागाहून केलेल्या दहा तपासण्यांहून अधिक उपयोगी ठरतो.

नियम किती कडक असावेत

माहिती भरतानाच चूक पकडण्यासाठी आज्ञावलीत काही नियम घालतात. आकडा ठरावीक मर्यादेत आहे काय, पिकाचे नाव मान्य यादीतील आहे काय, पेरणीची तारीख हंगामात बसते काय, आवश्यक रकाना रिकामा तर नाही ना, एका रकान्यातील उत्तर दुसऱ्याशी जुळते काय, अशा स्वरूपाचे हे नियम असतात. विहीर नाही असे उत्तर आल्यास विहिरीसंबंधीचे पुढील प्रश्न गाळावेत, हाही एक नियमच होय.

नियम जितके कडक तितकी माहिती शुद्ध, असा समज होण्याचा संभव आहे; परंतु तो बरोबर नाही. नियम लिहिणारा कार्यालयात बसतो व पीक शेतात उभे असते. कांद्याचेच उदाहरण घ्यावे. नाशिक भागातील शेतकरी खरीप, रांगडा व उन्हाळी असे तीन हंगाम ओळखतो. आज्ञावलीत खरीप व रब्बी एवढेच दोन पर्याय असतील तर रांगडा कांदा कोठे घालावयाचा? आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टात होते व तोडणी सोळा ते अठरा महिन्यांनी. लागण व तोडणी यांत बारा महिन्यांहून अधिक अंतर नसावे असा नियम घातला तर प्रत्येक खरी नोंद खोटी ठरते. कापसात तूर घेतलेली असताना दोन्ही पिकांच्या क्षेत्राची बेरीज जमिनीपेक्षा अधिक होऊ नये असा सरळ नियम लावला तर मिश्र पीकपद्धतीच नाकारली जाते.

अशा वेळी नोंद भरणारा काय करतो हे पाहण्यासारखे आहे. तो काम सोडून परत जात नाही. आज्ञावली स्वीकारील असा कोणता तरी आकडा टाकतो व पुढे सरकतो. खोटी नोंद सर्व नियमांत बसते, खरी बसत नाही. आणि पुढे ती खोटी म्हणून ओळखताही येत नाही. म्हणून नियमांचे दोन वर्ग करावे लागतात. जे अशक्य आहे ते अडवावे. उदाहरणार्थ, उद्याच्या तारखेची पेरणी. जे केवळ असाधारण आहे तेथे सूचना द्यावी, कारण विचारावे व नोंद स्वीकारावी. पहिल्या स्थिर आवृत्तीपूर्वी प्रत्येक नियम यांपैकी कोणत्या वर्गात पडतो हे त्या त्या भागातील पिके जाणणाऱ्यांस विचारून ठरविले पाहिजे.

रिकामा रकाना व शून्य यांतील भेदही असाच सांभाळावा लागतो. दहा शेतकऱ्यांपैकी आठ जणांनी एकरी दहा क्विंटल उत्पन्न सांगितले व दोघांची माहिती मिळाली नाही. रिकाम्या रकान्यास शून्य समजले तर सरासरी दहाच्या ऐवजी आठ येते. माहिती नाही, लागू नाही व शून्य, ही तीन निरनिराळी उत्तरे आहेत व त्यांना निरनिराळ्या खुणा असल्या पाहिजेत.

देवनागरी अक्षरांचे प्रश्न

मराठीत माहिती घेणाऱ्या आज्ञावलीस आणखी एक परीक्षा द्यावी लागते. यंत्र अक्षर पाहत नाही, अक्षरामागील संकेतांक पाहते. ‘कऱ्हाड’ या शब्दातील अर्धा र दोन निरनिराळ्या प्रकारे टंकित करता येतो. वाचणाऱ्यास दोन्ही शब्द एकच दिसतात. यंत्रास मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. परिणामी एकाच तालुक्याची यादी दोन तुकड्यांत विभागली जाते व बेरीज चुकते. ‘ॲ’ या अक्षराचीही तीच गोष्ट आहे. १, २, ३ हे देवनागरी अंक व इंग्रजी अंक यांचे संकेतांक वेगळे असल्यामुळे गट क्रमांक देवनागरीत भरला तर काही आज्ञावल्यांत तो सापडतच नाही. नावामागे अगर पुढे पडलेली एक रिकामी जागाही शोधात अडथळा आणते.

यावर उपाय असा की, गाव, तालुका, पीक यांची नावे शक्य तेथे हाताने लिहावयास न लावता यादीतून निवडण्यास द्यावीत; जेथे लिहावे लागते तेथे आज्ञावलीने साठविण्यापूर्वी सर्व प्रकार एकाच रूपात आणावेत; आणि दोन्ही प्रकारचे अंक स्वीकारावेत. यादीतही काळजी हवी. भुईमूग व मूग एकाखाली एक आल्यास बोट चुकीच्या ठिकाणी पडते. शाळू म्हणणाऱ्यास रब्बी ज्वारी सापडली पाहिजे व चणा म्हणणाऱ्यास हरभरा. यास्तव प्रत्येक पिकास एक पक्का क्रमांक देऊन त्यास निरनिराळ्या भागांतील नावे जोडावी लागतात. हा क्रमांक एकदा स्थिर आवृत्तीत आला म्हणजे पुढे कधीही दुसऱ्या पिकास देऊ नये. नाही तर जुन्या वर्षांतील तूर नव्या वर्षी उडीद म्हणून वाचली जाईल.

नोंद हरवू नये

शिवारात नेटवर्क असेलच असे नाही. ई-पीक पाहणीतही माहिती व छायाचित्र शेतावर घेऊन, नेटवर्क मिळेल तेथून मागाहून पाठविण्याची सोय आहे. शेत व कचेरी यांमधील हा प्रवास नोंदीच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा असतो. पाठवत असताना मध्येच संपर्क तुटला तर काय होते? मोबाइलची विद्युत संपून तो बंद पडला तर काय होते? नोंद गेली की नाही हे न कळल्यामुळे शेतकऱ्याने कळ दोनदा दाबली तर काय होते?

या प्रश्नांची उत्तरे चाचणीतच मिळाली पाहिजेत. प्रत्येक नोंदीस ती भरतानाच एक स्वतंत्र क्रमांक मिळावा, म्हणजे तीच नोंद दोनदा पोहोचली तरी ती एकदाच धरली जाईल. मुख्य संगणकाकडून पोच आल्याशिवाय मोबाइलमधील नोंद पुसली जाऊ नये. आणि ‘नोंद साठविली’ व ‘नोंद पोहोचली’ ही दोन वाक्ये पडद्यावर निरनिराळी दिसली पाहिजेत. नोंद मोबाइलमध्येच आहे, पण ती पोहोचली असे शेतकरी समजतो, असा प्रकार झाला तर हंगामाची मुदत निघून जाते व मागाहून तक्रारीस आधार राहत नाही. ज्याच्याजवळ पोच आहे त्यालाच दाद मागता येते, ही कचेरीतील जुनी रीत येथेही तशीच आहे.

चाचणी कशी घ्यावी

चाचणीची पहिली पायरी ज्ञात उत्तरांची होय. काही नमुना अर्ज आधीच हाताने तपासून त्यांच्या सर्व बेरजा काढून ठेवाव्यात. त्यांत मुद्दाम अवघड अर्ज असावेत : मिश्र पीक, पडीक जमीन, सामाईक खाते, फळबाग, एका गटात चार पिके, लांबलचक नावे. प्रत्येक नव्या आवृत्तीत हेच अर्ज भरावेत व उत्तरे आधीच्या बेरजांशी ताडून पाहावीत. एक दोष दुरुस्त करताना दुसरा उत्पन्न होणे ही नित्याची गोष्ट असल्यामुळे ही तपासणी एकदा करून भागत नाही. लहानशा बदलानंतरही ती संपूर्ण करावी लागते.

दुसरी पायरी दुबार नोंदणीची. दोन व्यक्तींनी एकमेकांचे न पाहता तेच अर्ज भरावेत. दोघांत फरक पडलेले रकाने पाहिले म्हणजे नोंदकाराचा निष्काळजीपणा कोठे व आज्ञावलीची रचना कोठे चुकते हे उमगते. एकाच रकान्यात अनेक जण चुकत असतील तर दोष माणसांचा नसून रकान्याचा आहे असे समजावे.

तिसरी पायरी शेतावरील चाचणीची. ती टाळल्यास पहिल्या दोन्ही पायऱ्या निष्फळ ठरतात. भर उन्हात पडदा दिसतो काय, ओल्या अगर मातीने भरलेल्या बोटाने कळ दाबली जाते काय, जुन्या व स्वस्त मोबाइलवर आज्ञावली चालते काय, चष्मा लावणाऱ्या वृद्ध शेतकऱ्यास अक्षर वाचता येते काय, हे कार्यालयात कळत नाही. कोकणातील खाचर, पश्चिम महाराष्ट्रातील बागायत, मराठवाड्यातील कोरडवाहू रान व विदर्भातील कापसाचा पट्टा, अशा निरनिराळ्या ठिकाणी चाचणी झाली पाहिजे. चाचणीच्या वेळी आज्ञावली तयार करणाऱ्याने शेजारी उभे राहून शिकवू नये. केवळ पाहावे व कोठे हात अडखळतो ते टिपून घ्यावे.

थांबण्याची वेळ

स्थिर आवृत्ती जवळ आली म्हणजे सर्वांत कठीण काम असते ते नव्या मागण्यांना नकार देण्याचे. प्रत्येक विभागास आणखी एक रकाना हवा असतो आणि तो घालणे सोपेही वाटते. परंतु नवा रकाना म्हणजे नवे नियम, नवी चाचणी व नवे दोष. म्हणून एक दिवस ठरवून त्यानंतर नवी सोय घालणे पूर्णपणे बंद करतात व केवळ दोष काढतात. राहिलेल्या मागण्या पुढील आवृत्तीसाठी लिहून ठेवतात. ई-पीक पाहणीची दुसरी आवृत्ती १ ऑगस्ट २०२२ पासून आली. मिश्र पिकांत दोनऐवजी तीन दुय्यम पिके नोंदविण्याची सोय, नोंदीत ४८ तासांत एकदा दुरुस्ती करण्याची मुभा, छायाचित्र घेताना शेतकरी आपल्या गटापासून दूर असल्यास तशी सूचना, आणि शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानून त्यांपैकी १० टक्के नोंदींची तलाठ्यांकडून तपासणी, या गोष्टी तिच्यात समाविष्ट झाल्या. वापरातूनच गरज कळते व पुढील आवृत्तीत ती पुरी होते.

राहिलेले सर्वच दोष निघेपर्यंत थांबणे मात्र शक्य नसते. यासाठी दोषांची प्रतवारी करावी. ज्याने नोंद हरवते, बदलते अगर दुसऱ्याच्या नावावर जाते, असा एकही दोष शिल्लक असता कामा नये. ज्याने काम अडते पण नोंद सुरक्षित राहते, असे दोष उपायासह जाहीर करावेत. रंग, मांडणी, शब्द यांतील उणिवा पुढे सुधारता येतात. माहीत असलेला दोष लपविणे हे न सापडलेल्या दोषापेक्षा वाईट होय.

प्रसाराचा दिवस पिकांच्या पंचांगाकडे पाहून ठरवावा. नोंदणीची मुदत संपण्याच्या आठवड्यात सर्व गावे एकदम तुटून पडतात. त्या वेळी नवी आवृत्ती देणे म्हणजे ऐन मळणीत यंत्राचे भाग बदलण्यासारखे आहे. प्रथम काही गावांत, मग एका तालुक्यात, मग जिल्ह्यात असा क्रम ठेवावा. जुनी आवृत्ती तूर्त हाताशी असावी. आणि चाचणीच्या काळात भरलेल्या नोंदी नव्या आवृत्तीत जशाच्या तशा येतात हे आधी पडताळून घ्यावे.

गावपातळीवर काय करावे

आज्ञावली शहरात तयार होत असली तरी ती स्थिर होते गावात. चाचणी आवृत्ती हाती आल्यावर कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१. ‘ॲप चालत नाही’ एवढेच कळवून उपयोग नाही. कोणत्या रकान्यात, काय भरले असता, पडद्यावर कोणते शब्द आले, हे त्याच क्रमाने लिहावे व पडद्याचे छायाचित्र जोडावे.

२. मोबाइलचा प्रकार, आज्ञावलीच्या आवृत्तीचा क्रमांक, दिनांक व वेळ अवश्य नोंदवावी. मोबाइलमधील तारीख बरोबर आहे हे आधी पाहावे.

३. तोच दोष पुन्हा घडवून आणता येतो काय हे पाहावे. पुन्हा घडविता येणारा दोष लवकर सापडतो.

४. आज्ञावली खरी माहिती स्वीकारीत नसेल तर खोटी भरून पुढे जाऊ नये. ती नोंद थांबवून तसे कळवावे. अशी एक तक्रार शंभर सुरळीत नोंदींहून मोलाची आहे.

५. आज्ञावली सिद्ध होईपर्यंत हाताने लिहिलेली वही ठेवावी व आठवड्याच्या अखेरीस दोन्हींची बेरीज जुळवून पाहावी.

६. ज्या शेतकऱ्याजवळ मोबाइल नाही त्याची नोंद दुसऱ्याच्या मोबाइलवरून करता येते. ती करताना गट क्रमांक, पीक व क्षेत्र त्यास मोठ्याने वाचून दाखवावे व त्याच्या होकारानंतरच पाठवावे.

७. नोंद पोहोचल्याची पोच दिसेपर्यंत मोबाइलमधून आज्ञावली काढून टाकू नये.

शेतकरी बंधूंनीही नोंद केल्यावर तेवढ्यावर समाधान न मानता गावच्या यादीत आपले नाव, गट, पीक व क्षेत्र तपासावे, आणि चूक आढळल्यास दुरुस्तीची मुदत संपण्यापूर्वी ती सुधारून घ्यावी. एकर-गुंठे व हेक्टर-आर यांचा हिशेब घरातील शाळकरी मुलांकडून करवून घेतला तरी पुष्कळ नुकसान टळेल.

वाण कितीही चांगला असला तरी शेतकऱ्याच्या बांधावर तो उतरला म्हणजेच त्याची परीक्षा पुरी होते. नोंदणीच्या आज्ञावलीचेही तसेच आहे. जे पिकले ते लिहिले गेले आणि जे लिहिले गेले ते टिकले, एवढे साधले म्हणजे १.० हा क्रमांक सार्थ झाला; आणि ते साधले की नाही हे सांगण्याचा पहिला अधिकार ज्याचे पीक आहे त्या शेतकऱ्याचा आहे. त्याने तो अधिकार चाचणीच्या काळातच बजावावा, म्हणजे मदतीची यादी लागल्यावर कचेरीचे हेलपाटे घालण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही.